चादरी, संकोच आणि वॉशिंग मशीन

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी गेलो की औषधांच्या डब्याआधी माझी नजर दोरीवरच्या कपड्यांकडे जाते. दिवसाला तीन-चार चादरी वाळत असतील, तर शुश्रूषा करणाऱ्याची कंबर आणि मनगटे किती काळ टिकतील याचा अंदाज तिथेच येतो. साठीला टेकलेल्या सुनेने ओल्या सुती चादरी रोज हाताने पिळाव्यात, हे मला पटत नाही. अशा घरी वॉशिंग मशीन मी औषधोपचारातच धरतो.

यंत्र आले म्हणून सारे त्यात कोंबून चालत नाही. विष्ठा लागलेली चादर झटकू नये. हातमोजे घालून मळ शौचकूपात टाकावा, चादर गार पाण्यात खळबळावी आणि घरच्या इतर कपड्यांपासून वेगळी धुवावी. जुलाब-उलट्यांच्या काळात कपड्याला सोसत असेल तर पाणी ६० अंश सेल्सिअस ठेवावे. समोरून उघडणाऱ्या यंत्रांत पाणी तापवण्याची सोय बहुधा असते, वरून उघडणाऱ्या अनेक यंत्रांत नसते. खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. ड्रम गच्च भरला तर कपडे नुसते ओले होतात. पंचांना सुगंधी सॉफ्टनर लावू नये, त्याने ते पाणी कमी टिपतात. ब्लीच आणि शौचालय धुण्याचे आम्ल मात्र कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

खरजेच्या बाबतीत तर निम्मा उपचार कपड्यांचा असतो. घरातील सर्वांनी एकाच दिवशी मलम लावावे आणि मागील तीन-चार दिवसांत वापरलेले कपडे व अंथरूण गरम पाण्यात धुवावे. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवावे. माणसाच्या त्वचेपासून दूर तो किडा फार दिवस जगत नाही.

ज्येष्ठ स्वतःच यंत्र चालवत असतील, तर समोर एक स्टूल ठेवावे. वाकून एकदम उठताना रक्तदाब उतरतो, चक्कर येते, आणि भोवतालची फरशी अनेकदा ओली असते. ठेंगण्या बाईंना वरून उघडणाऱ्या यंत्राच्या तळातला मोजा काढणे हाही एक व्यायामच! तो टाळलेला बरा.

एक गोष्ट मात्र कोणतेही यंत्र धूत नाही. धुणे वाढू नये म्हणून कित्येक आजी-आजोबा मुकाट्याने पाणी पिणे कमी करतात, ओले कपडे पलंगाखाली लपवतात. मग बद्धकोष्ठ होतो, लघवीचा जंतुसंसर्ग होतो. कधी आजी अचानक असंबद्ध बोलू लागतात आणि घरचे घाबरून जातात. लघवीवरचा ताबा सुटणे हे वयाचे भोग समजून सोडू नये. पुष्कळदा त्यावर उपाय असतो, कधी तर एखाद्या गोळीची वेळ बदलूनही भागते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितले नसेल, तर दिवसा पाणी पोटभर प्यावे. फक्त झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत ते कमी करावे. आणि ओला कपडा सापडला, तर काही न बोलता तो यंत्रात टाकावा.