विश्लेषण: कोरियाची राजथडगी जगाला माहीत, खडकीतील विठोजींची छत्री पुण्याला तरी माहीत आहे का?

के-ड्रामा पाहणाऱ्यांना सोलमधील गंगनम हा भाग ओळखीचा असतो. काचेचे टॉवर, महागडी दुकाने, गर्दी. याच भागात मेट्रोच्या 2 नंबरच्या मार्गावर ‘सोल्लुंग’ हे स्टेशन आहे आणि ते नाव राजाच्या थडग्यावरून आले आहे. तिकीट 1000 वॉन, म्हणजे साठ-सत्तर रुपये. जपानी आक्रमणाच्या काळात (1592-98) ही थडगी उकरली गेली होती. तरीही जागा आणि झाडी शहराच्या मधोमध टिकून आहे.

पुण्यात खडकीच्या होळकर पुलावरून रोज हजारो गाड्या जातात. पुलाजवळ मुळेकाठी महादेवाचे मंदिर आणि विठोजी होळकरांची छत्री आहे. पुलाचे नाव सगळ्यांना पाठ, छत्री मात्र विचारून पाहा.

कोरियात नेमके पाहायचे काय?

खरे सांगायचे तर गवताने झाकलेला मातीचा उंचवटा. जोसॉन घराण्याची अशी 40 थडगी 18 ठिकाणी आहेत आणि 2009 मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. पण पाहणाऱ्याला तिथे क्रम दिलेला असतो. आधी लाल कमान, मग दगडी वाट, पुढे पूजेची इमारत, वर दगडी अधिकारी, घोडे, वाघ, मेंढ्या. वाटेचेही दोन भाग: उंच भाग मृतात्म्यासाठी, खालचा राजासाठी. राजवंशाचे वारस आजही तिथे वार्षिक विधी करतात. त्याहून जुन्या ग्योंगजू शहरात तर 1973 मध्ये उत्खनन झालेल्या एका टेकाडाच्या आत शिरता येते. तिथे सोन्याचा मुकुट सापडला होता.

तिथे सगळे आलबेल आहे असेही नाही. गिम्पो येथील राजथडग्यासमोरचे डोंगराचे दृश्य अडवणारे अपार्टमेंट टॉवर उभे राहिले. 2021 मध्ये वारसा विभागाने काम थांबवायला सांगितले, प्रकरण न्यायालयात गेले, बिल्डर जिंकले आणि लोक राहायलाही आले. पुणेकरांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

एका छत्रीत किती इतिहास?

विठोजी हे तुकोजी होळकरांचे पुत्र आणि यशवंतरावांचे भाऊ. एप्रिल 1801 मध्ये दुसऱ्या बाजीरावाने त्यांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिले. पुढच्या वर्षी, 25 ऑक्टोबर 1802 रोजी, यशवंतरावांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि 31 डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांची फौज पदरी घेऊन परतला. याच इंग्रजांशी 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकी आणि गणेशखिंडीदरम्यानच्या माळावर लढायची वेळ आली. बापू गोखले सेनापती होते. जरीपटक्याचे मानकरी मोरोपंत दीक्षित पडले. इंग्रजांचे ठार व जखमी मिळून 86, मराठ्यांचे सुमारे 500. बारा दिवसांत पुणे गेले.

म्हणजे ज्या घटनेने ही साखळी सुरू झाली तिची खूण आणि जिथे ती तुटली तो माळ, दोन्ही एकाच उपनगरात आहेत. आपण मात्र हे प्रसंग वेगवेगळे पाठ करतो.

शेजारी कोण काय करते?

होळकर पुलाच्याच परिसरात राष्ट्रकुल युद्ध दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातील 1668 जणांची थडगी, शिवाय पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या 1800 हून अधिक सैनिकांच्या नावांचे स्मारक. पश्चिम व मध्य भारतात जिथे कबरींची निगा कायम राहील याची खात्री नव्हती, तिथले मृत इथे आणले गेले. हुद्दा कोणताही असो, दगड सारखाच. नाव टाकले की आयोगाच्या वेबसाइटवर माहिती मिळते. ऑस्ट्रेलियातला पणतू घरबसल्या आजोबांच्या वडिलांची कबर शोधू शकतो. 1817 च्या त्या 500 जणांबाबत असे काही नाही.

इंजिनीअरिंगच्या भाषेत याला प्रिव्हेन्टिव्ह मेंटेनन्स म्हणतात: बिघडल्यावर धावायचे नाही, रोज थोडे करायचे. आपण वारसा म्हटले की कोटींचा जीर्णोद्धार किंवा भव्य पुतळा मागतो. हिरवळ कापणारा माळी आणि नीट लिहिलेली यादी मागत नाही. माझ्या मते खडकीला तेच हवे आहे.

मग करायचे काय?

छत्री, माळ आणि दफनभूमी जोडणारी एक पायवाट, नकाशा आणि क्यूआर कोड. पेशवे दफ्तरातून 5 नोव्हेंबरला पडलेल्यांची जितकी नावे निघतील तितक्यांची मराठीत खुली यादी. हे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला देता येईल, कारण त्या माळाच्या एका टोकालाच विद्यापीठ आहे. अडचण जमिनीची आहे. खडकीत कॅन्टोन्मेंट, लष्कर, राज्य सरकार आणि महापालिका यांच्या हद्दी एकमेकांना खेटून आहेत आणि पाटी कोणी लावायची यावरच फाइल फिरू शकते. नावांच्या यादीला मात्र कुणाच्याच जमिनीची परवानगी लागत नाही.

तोवर स्वतः जायचे असेल तर आधी छत्री पाहा, मग दफनभूमी. वानवडीची शिंदे छत्री त्याच दिवशी जोडली तर हडपसरच्या लढाईतील दोन्ही घराणी पाहून होतील. फोटो काढण्याआधी लष्करी हद्दीचे फलक तेवढे वाचा.