हे शिकून मुलगी काय करणार?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. लेकीला बारावीनंतर राज्यशास्त्र घेऊन पुढे आशियातील देशांची सुरक्षा आणि परराष्ट्र धोरण यांचा अभ्यास करायचा आहे. घरात सगळ्यांचा एकच सवाल : हे शिकून नोकरी कुठली? त्यापेक्षा डी.एड. कर.

उत्तरादाखल आम्ही डॉ. देवी फोर्तुना अन्वर यांची हकिकत सांगतो. (नावाने चकित होऊ नका, इंडोनेशियात मुस्लिम घरांतही ‘देवी’ हे नाव सर्रास असते.) त्यांचा जन्म १९५८ चा, बांडुंगचा. लंडनला शिकल्या, ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठात डॉक्टरेट केली. विषय : इंडोनेशिया आणि आसियान. ऐकायला कोरडा, पण त्यामागचा प्रश्न जिवंत होता. १९६३ ते १९६६ या काळात इंडोनेशिया शेजारच्या मलेशियाशी लढत होता. दोन्हीकडे बहुसंख्य मुसलमान, भाषाही जवळजवळ एकच. आणि ऑगस्ट १९६७ मध्ये हेच दोघे बँकॉकला आसियानच्या स्थापनेसाठी एकत्र बसले! सर्वांत मोठ्या देशाने शेजाऱ्यांशी जुळवून का घेतले? याचा शोध घेणारे त्यांचे पुस्तक १९९४ मध्ये सिंगापूरहून निघाले.

१९९८ मध्ये सुहार्तो गेले, हबिबी राष्ट्राध्यक्ष झाले आणि या बाई त्यांच्या परराष्ट्र विषयाच्या सल्लागार झाल्या. पुढच्याच वर्षी पूर्व तिमोरमध्ये सार्वमत झाले. लोकांनी वेगळे होण्याचा कौल दिला आणि तिथे हिंसाचार उसळला. जगभरच्या पत्रकारांपुढे सरकारची बाजू मांडण्याचे काम त्यांच्याकडे होते. अभ्यासाशी इमान राखून सरकारची बाजू मांडणे, हा इम्तिहान पीएच.डी.पेक्षा कठीण असावा, असे आम्हाला वाटते. नंतर त्या पुन्हा संशोधनाकडे वळल्या. २०१० पासून काही वर्षे उपराष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातही होत्या.

भगिनी, खरे सांगायचे तर हा रस्ता लांबचा आहे. एम.ए., मग पीएच.डी.; कमाई उशिरा. अब्बांना हे आधीच सांगा, लपवू नका. पण दिल्ली फार दूर वाटत असेल, तर पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे. एकदा मुलीला घेऊन जा, तिथल्या शिक्षकांशी बोला. आणखी एक : तुमच्या घरात उर्दू वाचतात, असे तुम्ही लिहिले आहे. पाकिस्तानची वर्तमानपत्रे तर्जुम्याशिवाय वाचता येणे ही या अभ्यासात मोठी पुंजी आहे. ती मुलीकडे आजच आहे. आता तिने इंग्रजी पक्के करावे.