घोडा कोणाचा? : लष्करी शब्द आणि समीक्षेची बेफिकिरी

मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या समीक्षेत ‘कालोचित भाषा’ या गुणाला फार स्वस्तात मान्यता मिळत आली आहे. संवादांत ‘मुजरा’, ‘मोहीम’, ‘हुजुरात’, ‘शिलेदार’ असे शब्द पेरले की समीक्षक वातावरणनिर्मितीचे प्रशस्तिपत्र देतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. हे शब्द मुळात कोणत्या व्यवहाराचे होते, हे विचारण्याची त्याला गरज भासत नाही. या बेफिकिरीला केवळ आळस म्हणून सोडून देता येणार नाही. तिच्यामागे भूतकाळाकडे पाहण्याची एक निश्चित दृष्टी आहे.

‘शिलेदार’ आणि ‘बारगीर’ ही जोडी घ्यावी. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. दोघेही लढत, दोघेही मरत. भेद होता तो मालकीचा. घोडा पडला तर शिलेदाराचे भांडवलच बुडे, बारगिराच्या घोड्याचा तोटा पागेच्या हिशेबात जाई. आज ‘शिलेदार’ म्हणजे नेत्याचा निष्ठावंत साथीदार. निवडणुकीच्या बातम्यांपासून क्रिकेटच्या वर्णनांपर्यंत तो सर्वत्र भेटतो. ‘बारगीर’ मात्र कोणी गौरवाने उच्चारत नाही. घोड्याच्या मालकाचा शब्द बिरुद झाला, बिनघोड्याच्या स्वाराचा शब्द कोशात राहिला. हे अर्थांतर निरागस नाही.

मूळ साधने काय सांगतात? सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत पागेची रचना सांगताना पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे म्हटले आहे. पण त्याच ओघात दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद यांचीही नोंद आहे. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा यांच्यावाचून बखरकाराला फौजेचे वर्णन पुरे करता येत नाही. चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांना १६७० च्या दशकात गेलेले शिवाजी महाराजांचे पत्र सर्वांना ठाऊक आहे.  परंतु त्या पत्राचा मोठा भाग दाणा आणि गवत यांविषयी आहे. वैरण आताच संपवली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, लष्करी लोक कुणब्यांच्या घरी शिरतील, गवताच्या गंजीला आग लागेल, ही त्यातील चिंता आहे. लष्कराची भाषा ही अशी, पुरवठ्याची आणि हिशेबाची आहे: नालबंदी, रोजमुरा, तैनात, हजिरी.

‘बाजारबुणगे’ हा शब्द या दृष्टीने अधिक बोलका आहे. फौजेबरोबर चालणारे वाणी, मोतद्दार, चाकर, स्त्रिया, मुले असा हा समूह. १७६१ च्या पानिपताची कारणे सांगताना त्याच्यावर ठपका ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि आज तो शब्द शुद्ध शिवी आहे. ज्यांच्यावाचून छावणीत चूल पेटत नसे त्यांचे नाव तुच्छतावाचक झाले. कादंबरीतला सरदार हा शब्द तुच्छतेने उच्चारतो तेव्हा ती पात्राची दृष्टी समजता येईल. निवेदक तोच स्वर लावतो, तेव्हा समीक्षकाने थांबायला हवे. तो थांबत नाही. उलट भाषेच्या रगेलपणाची वाहवा करतो.

दुसऱ्या बाजूला भाषाशुद्धीचा पक्ष आहे. राज्यव्यवहारकोशातील ‘शस्त्रवर्ग’ आणि ‘चतुरंगवर्ग’ यांचा दाखला देऊन फार्सी लष्करी शब्दांना पारतंत्र्याचा डाग मानणारी ही परंपरा विसाव्या शतकात बळावली. १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारे माधवराव पटवर्धन पुढे १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहितात, यावरून त्या विचाराचे आकर्षण लक्षात यावे. पण शब्दांची वंशावळ शुद्धीच्या उपयोगी पडत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात सापडणारा ‘सुरुंगा’ हा शब्द बहुतेक भाषाभ्यासक ग्रीक मूळाचा मानतात. ‘पलटण’, ‘कंपू’, ‘गारदी’ हे शब्द युरोपीय कवायती पायदळाबरोबर आले. सैन्य जिथून तंत्र घेते तिथूनच शब्द घेते. अलंकारवादी आणि शुद्धिवादी एकमेकांचे विरोधक भासतात. वस्तुतः दोघेही शब्दाला निशाणाप्रमाणे फडकवतात. त्या शब्दाने कोणाला किती वेतन मिळे, याची दोघांनाही सारखीच अनास्था आहे.

कादंबरी म्हणजे जमाखर्चाची वही नव्हे, असा आक्षेप येईल. तो मान्य करूनही प्रश्न उरतो. कादंबरीने काय निवडावे हे कादंबरीकार ठरवील. परंतु तिच्या निवडीतून कोण वगळले गेले हे सांगणे समीक्षेचेच काम आहे. १९६२ च्या ‘स्वामी’पासून १९८८ च्या ‘पानिपत’पर्यंत आणि त्यानंतरही या वाङ्मयप्रकाराने मराठी वाचकाची इतिहासदृष्टी जितकी घडवली, तितकी कोणत्याही साधनखंडांनी घडवली नाही. म्हणून त्याच्या भाषेला ‘कालोचित’ म्हणण्यापूर्वी समीक्षकाने एवढे तरी विचारावे: या पानावरचा घोडा कोणाचा आहे, त्याला दाणा कोण घालतो, आणि घालणाऱ्याला या कादंबरीत नाव आहे काय?