आता पाळी आपली

न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये, ओक ट्री रोडवर, आता कढीपत्त्यापासून मंगळसूत्रापर्यंत सगळं मिळतं. 1965 च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारं आशियाईंना उघडली. 2022 मध्ये भारतीय वंशाचे सॅम जोशी इथले महापौर झाले. मला याचा अभिमान वाटतो. पण 1987 मध्ये याच राज्यातल्या जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' टोळी भारतीयांना धमकावत, मारहाण करत होती. टिकलीवरूनच तिने ते नाव घेतलं होतं. हे विसरून कसं चालेल? म्हणूनच शेजारचं घर स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबाने घेतलं, की 'एरिया बिघडला' म्हणणाऱ्या आपल्याच माणसांची मला चीड येते. काल उपरे आपण होतो. आज जम बसलाय, तर नव्या शेजाऱ्यांना आधी आपणच घरी बोलवायला हवं.