दोन शेजारणी आणि एक नाव



लेकीकडून अमेरिकेहून परत आले की सगळ्या विचारतात, काय आणलंत? बदाम आणतेच. या खेपेला मात्र डोक्यात एक वादही घेऊन आले. तो आपला नाही, तरी महिनाभर पोळ्या लाटताना सुटला नाही, म्हणून लिहून टाकते.

लेक युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीपासून अर्ध्या तासावर राहते. तिच्या उजवीकडच्या घरात एक मॉर्मन बाई, डावीकडे टेक्सासहून आलेल्या बॅप्टिस्ट बाई. दोघी माझ्याच वयाच्या. दोघी रोज बायबल वाचतात, दोघी येशूचं नाव घेतात. मी गेल्या गेल्या दोघींनी काहीतरी भाजून आणलं, आणि तेही लेकीला आधी विचारून, अंडं न घालता. तिथेच दोघींनी मला जिंकलं.

आठवड्याभराने डावीकडच्या बाई आवाज खाली करून म्हणाल्या, "शेजारी फार चांगले आहेत, पण ते ख्रिस्ती नाहीत बरं का." मी चकित. भोळेपणाने हेच उजवीकडच्या बाईंना विचारून बसले. (लेक नंतर माझ्यावर चिडली.) त्यांचे डोळेच भरून आले. "आमच्या चर्चच्या नावातच येशू ख्रिस्त आहे हो," एवढंच म्हणाल्या. आणि आहेच. पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 2018 मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी मॉर्मन हे टोपणनाव सोडून पूर्ण नावच वापरा, असं सांगितलं. मी इथे सोयीसाठी मॉर्मन लिहितेय, त्याबद्दल उजवीकडच्या बाईंनी माफ करावं.

मग मी खोलात शिरले. बी.कॉम.ला आमचे सर सांगायचे, खात्याचं नाव वाचून थांबू नका, आतल्या नोंदी बघा. इथे नेमकं तेच आहे. पिता, पुत्र, तारण, कृपा ही खाती दोघांच्याही वहीत आहेत, पण नोंदी वेगळ्या. इसवी सन 325 मध्ये निकिया इथे धर्मसभा भरली, तेव्हापासून मुख्य प्रवाहातल्या ख्रिस्ती लोकांनी पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे मानले, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर ही शिकवण पक्की होत गेली. मॉर्मन म्हणतात, तिघे वेगळे आहेत, एक आहेत ते हेतूने. शिवाय पित्याला हाडामांसाचं शरीर आहे. त्यांचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी 1844 च्या एका प्रवचनात तर ईश्वरही एके काळी आपल्यासारखा होता असं सांगितलं, आणि माणूस त्याच्यासारखा होऊ शकतो अशी त्यांची शिकवण आहे.

डावीकडच्या बाईंच्या लेखी हे घराच्या पायालाच सुरुंग लावणं आहे. निर्माता तो निर्माता, आपण त्याने घडवलेले, मधली दरी कधी बुजत नाही. मी मात्र दचकले नाही. आत्म्याने परमात्मपद गाठावं, हे आपण पाठशाळेत बसायला लागल्यापासून ऐकतो. पण म्हणून मॉर्मन आपल्यासारखे असं समजू नका. त्यांचा ईश्वर प्रार्थना ऐकून उत्तर देणारा बाप आहे. आपल्याकडे तसं कुणी नाही.

आता वाद कसा घालतात ते ऐका. बॅप्टिस्ट बायबलचं शेवटचं पुस्तक उघडतात. त्यात या पुस्तकात भर घालू नका अशी ताकीद आहे, मग 1830 साली तुम्ही 'बुक ऑफ मॉर्मन' कसं छापलंत? मॉर्मन शांतपणे अनुवाद हे पुस्तक उघडतात. तशीच ताकीद तिथेही आहे, मग त्यानंतरची सगळी पुस्तकं काढून टाकायची का? ते पौलाचं पत्र काढतात, की स्वर्गातल्या दूताने वेगळी सुवार्ता आणली तरी ऐकू नका. हे याकोबाचं पत्र काढतात, की शहाणपण हवं तर देवाकडे मागा. कृपेने तारण की कर्माने, यावर तर रात्र जाईल. दोन्ही बाजूंना समोरच्याची पुढची ओळ पाठ असते. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवर असंच बोलतात.

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये मॉर्मन लोकांचं मोठं अधिवेशन सॉल्ट लेक सिटीत भरतं, तेव्हा बाहेर फुटपाथवर काही प्रचारक फलक घेऊन, तुम्ही नरकात जाणार असं ओरडत उभे राहतात. मॉर्मन लोकांना हे ऐकताना मागचंही आठवत असणार. 1838 मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने या लोकांना संपवा नाहीतर हाकला असा हुकूम काढला होता, आणि तो रीतसर रद्द झाला थेट 1976 मध्ये. खुद्द स्मिथ यांना 1844 मध्ये जमावाने तुरुंगात घुसून मारलं. त्यामुळे 'तुम्ही ख्रिस्ती नाही' हे वाक्य त्यांच्या कानाला नुसतं तत्त्वज्ञान वाटत नाही.

पण वाद घालण्याच्या दुसऱ्याही तऱ्हा आहेत. 1997 मध्ये क्रेग ब्लोमबर्ग या इव्हँजेलिकल आणि स्टीफन रॉबिन्सन या मॉर्मन अभ्यासकाने मिळून 'हाऊ वाइड द डिव्हाइड?' नावाचं पुस्तक लिहिलं. कुठे पटतं, कुठे अजिबात पटत नाही, ते दोघांनी आपापल्या तोंडाने सांगितलं. 2004 मध्ये रिचर्ड माउ हे इव्हँजेलिकल प्राध्यापक मॉर्मन लोकांच्या सभागृहात उभे राहून म्हणाले, की तुम्ही काय मानता हे तुम्हाला न विचारता आम्हीच सांगत आलो, हे आमचं पाप आहे. त्यांच्याच लोकांपैकी कित्येक त्यांच्यावर संतापले. मला मात्र त्या वादातलं हेच बोलणं सगळ्यात खरं वाटलं. समोरच्याचं म्हणणं असं मांडता आलं पाहिजे, की त्याने मान डोलवावी. त्याआधी उत्तर द्यायला उठू नये. (हे मी आमच्या 'ह्यांना' चाळीस वर्षं सांगतेय.)

मॉर्मन बाजू तेवढी निष्पाप आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांची सुरुवातच मुळी इतर सगळ्या पंथांचे मतप्रमाण देवाला नापसंत आहेत या दर्शनाने झाली. 2001 मध्ये व्हॅटिकनने मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नाही असा निर्णय दिला, मेथॉडिस्टांनीही आधीच्या वर्षी तसंच ठरवलं. उजवीकडच्या बाईंना याचं वाईट वाटतं. मी विचारलं, "समजा डावीकडच्या बाई उद्या तुमच्या चर्चमध्ये आल्या तर?" त्या जरा थांबल्या, मग हसल्या. "पुन्हा घ्यावा लागेल बाप्तिस्मा." म्हणजे हिशेब दोन्हीकडे सारखाच! आणि दारोदार फिरणारी त्यांची पांढऱ्या शर्टातली पोरं साम्य आधी सांगतात, फरक मागाहून, ही डावीकडच्या बाईंची तक्रारही मला पटते. नोंदी पहिल्याच दिवशी उघड्या ठेवाव्यात.

माझं मत विचाराल तर फरक पूर्ण सांगावा, तो लहान नाही. पण जो माणूस येशूच्या नावाने जगतो, त्याच्याकडून ते नाव काढून घेण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही. 'आमच्यासारखे ख्रिस्ती नाहीत' म्हणा, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. हे मी मोठ्या तोंडाने सांगू नये, हेही मला कळतं. आपल्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर आपल्याच दोन पंथांच्या भांडणात किती वर्षं कुलूपबंद राहिलं, ते तुम्हाला माहीत आहे.

निघायच्या आदल्या दिवशी डावीकडच्या बाईंनी एक फोटो दाखवला. त्यांच्या लेकीने मॉर्मन मुलाशी लग्न केलं आणि स्वतःही मॉर्मन झाली. लग्न मंदिरात. त्या मंदिरात फक्त त्यांच्या चर्चच्या परवानगीचं पत्र असलेल्या सभासदांनाच प्रवेश. ही आई तासभर बाहेर बाकावर बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. फोटो त्यानंतरचा, मंदिराच्या पायऱ्यांवरचा. बाहेर आधी साधं लग्न लावलं असतं, तर तेव्हा मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागायचं. ती अट 2019 मध्ये काढली, म्हणजे आता दोन्ही घरच्यांसमोर लग्न लावून मग मंदिरात जाता येतं. यांच्या लेकीचं लग्न त्याच्या आधीचं.

तेव्हा मला त्यांच्या 'ते ख्रिस्ती नाहीत'मधला सूर कळला. त्यांना रागापेक्षा भीती होती, की आपली पोर चुकीच्या येशूच्या मागे गेली आणि मेल्यावर आपल्याला भेटणार नाही. आणि लेकीने लग्न मंदिरात केलं ते कशासाठी? कुटुंब मेल्यावरही एकत्र राहावं म्हणून.

मॉर्मन मुलांचा बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो, बॅप्टिस्टांसारखाच पूर्ण पाण्यात बुडवून, आणि तिथे कुणीही जाऊ शकतं. डावीकडच्या बाईंचा नातू या महिन्यात आठ वर्षांचा झाला. त्यांच्या चर्चच्या हिशेबी हा बाप्तिस्मा धरायचाच नसतो, म्हणून जावं की नाही यावर त्या किती दिवस घोळत होत्या. परवा लेकीचा फोन आला. आजी गेली होती. पोरगं कुडकुडत पाण्याबाहेर आलं, तेव्हा टॉवेल धरून तीच उभी होती म्हणे.