शेवंतीला कळ्या का येत नाहीत?

दर वर्षी डिसेंबरात चंदिगढच्या सेक्टर 33 मधल्या टेरेस्ड गार्डनमध्ये शेवंतीचे प्रदर्शन भरते. ओंजळीत मावणार नाहीत अशी पांढरी, पिवळी, जांभळी फुले पाहायला गर्दी लोटते. रस्ता ओलांडला की सेक्टर 34. तिथल्या बाल्कन्यांमध्येही याच दिवसांत कुंड्या फुललेल्या दिसतात. पण सगळ्याच नाहीत. एखाद्या घरी रोप चांगले कमरेएवढे वाढते, पानेही हिरवीगार असतात, कळी मात्र एकही धरत नाही. मग खत वाढवले जाते, पाणी वाढवले जाते, शेवटी रोप देणाऱ्या नर्सरीच्या नावाने बोटे मोडली जातात. खरा दोषी अनेकदा बाल्कनीसमोरच्या खांबावर असतो. तो म्हणजे रस्त्यावरचा दिवा!

शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब आणि सलग अंधाराची झाली, की ती पाने वाढवणे सोडून कळ्यांच्या तयारीला लागते. वनस्पतींचा हा गुण 1920 मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवून दिला. चंदिगढमध्ये जूनचा दिवस सुमारे 14 तासांचा असतो, डिसेंबरचा सुमारे 10 तासांचा. सप्टेंबरात रात्री लांबू लागतात आणि शेवंतीला खूण पटते. पण रोज रात्री दिव्याचा झोत अंगावर येत असेल, तर तिच्या लेखी जून संपतच नाही. पॉलिहाऊसमधले शेतकरी हीच युक्ती वापरून, रात्री दिवे लावून, फुले हव्या त्या तारखेपर्यंत लांबवतात. बाल्कनीत तेच नकळत घडते.

म्हणून सप्टेंबरपासून कळ्यांना रंग दिसेपर्यंत कुंडी रात्री अंधारात राहील अशी जागा निवडावी. जागा बदलणे शक्य नसेल, तर दिव्याच्या बाजूने कठड्यावर जाड काळे कापड किंवा गोणपाट टांगावे. बाल्कनीतला स्वतःचा दिवाही रात्रभर जळत ठेवू नये. दिवसा मात्र पाच-सहा तास ऊन हवेच. रात्रीच्या अंधारासाठी कुंडी कायमची सावलीत ढकलली, तर रोप नुसते लांबुळके होते.

काही हौशी मंडळी रंगीत चित्रे पाहून पिओनीचे गड्डे मागवतात. तो खर्च चंदिगढात वाया जाण्याचीच शक्यता अधिक. पिओनीला कळ्या धरण्यासाठी हिवाळ्यात कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते. हिमालयात तिची रानटी जात उंच डोंगरउतारांवर फुलते. चंदिगढची उंची जेमतेम 320 मीटर, आणि इथे रात्री गारठा असला तरी दुपारी ऊन ऊबदार असते. ज्यांना तसेच भरगच्च, मोठ्या पाकळ्यांचे फूल हवे आहे, त्यांच्यासाठी इथे शेवंतीच खरी.

महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या कुटुंबांना शेवंती म्हणजे वेणीतली, हारातली झिप्री किंवा राजा एवढीच ठाऊक असते. इथल्या नर्सरीत मात्र 'गुलदाऊदी' म्हणून मागावी लागते. मोठ्या फुलाच्या जातीला मेहनत जास्त. जून-जुलैत निरोगी फांद्यांचे बोटभर शेंडे वाळूत लावावेत. मुळे फुटली की आधी लहान कुंडीत आणि ऑगस्टअखेर दहा इंची कुंडीत हलवावेत. माती, पानांचे कुजलेले खत आणि शेणखत सारख्या प्रमाणात घ्यावे, तळाशी खापऱ्या घालाव्यात. पावसाळ्यात पाणी साचले की मुळे कुजतात, आणि या टप्प्यावर जितकी रोपे जातात तितकी किडीनेही जात नाहीत.

एकच मोठे फूल हवे असेल, तर रोपाला काठीचा आधार देऊन बाजूच्या फुटी काढत राहाव्यात आणि शेंड्यावरची एक कळी ठेवून बाकीच्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडाव्यात. पहिल्यांदा हात धजत नाही! छोट्या फुलांच्या झुपकेदार जातींचे उलट असते: त्यांचा शेंडा जुलै-ऑगस्टमध्ये एक-दोनदा खुडला की फांद्या वाढतात. एवढा वेळ नसेल, तर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने काढलेल्या बुटक्या जाती घ्याव्यात. त्यांना ना काठी लागते, ना खुडणी.

कळ्यांना रंग दिसला की खत बंद करावे. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसल्यास साबणाच्या सौम्य पाण्याने फवारावे. जानेवारीत फुले सुकली की रोप फेकू नये. वीतभर खोड ठेवून छाटावे. बुंध्याशी नवे फुटवे येतात, आणि जूनमध्ये शेंडे त्यांचेच घ्यायचे असतात.