नगर जिल्ह्यातले बौद्ध गेले कुठे?

निवडणूक जवळ आली की "जिल्ह्यात आपण इतके लाख" असा एक आकडा आपल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागतो. तो कोणत्या वर्षाचा, कोणत्या तक्त्यातला आणि 'आपण' म्हणजे नेमके कोण, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून एकदा 2011 ची जनगणना उघडून बघा. शोधताना 'अहमदनगर' हेच नाव टाका; अहिल्यानगर हे नाव 2024 मध्ये आले, जुन्या तक्त्यांत ते सापडणार नाही.

जिल्ह्याची लोकसंख्या 45,43,159. त्यात अनुसूचित जाती साडेबारा टक्क्यांच्या आसपास. आणि धर्माच्या तक्त्यात बौद्ध? एक टक्कासुद्धा नाहीत. गावोगावी पंचशील ध्वज, 14 एप्रिलला मिरवणुका, घराघरात बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर. मग ही माणसे गेली कुठे?

उत्तर देण्याची घाई करू नये. अनुसूचित जातीत मातंग, चर्मकार, मेहतर असे अनेक समाज आहेत आणि त्यांतले बहुसंख्य हिंदू म्हणूनच नोंदवले जातात. त्यामुळे दोन आकड्यांतली सगळी तफावत आपली नव्हे. पण नगरमध्ये फिरलेल्या कोणालाही माहीत आहे की विहारात वंदना घेणाऱ्या कितीतरी घरांच्या कागदावर आजही 'हिंदू महार' आहे. शाळेच्या दाखल्यावर तेच, म्हणून प्रगणकाला सांगतानाही तेच. त्यामागे भीती आहे: बौद्ध लिहिले तर सवलत जाईल.

ही भीती खुळी नव्हती. महाराष्ट्रात 1951 साली बौद्ध होते 2,487. धम्मदीक्षेनंतर 1961 च्या जनगणनेत ते 27,89,501 झाले. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार बौद्ध व्यक्ती अनुसूचित जातीत बसत नव्हती. राज्याने 'नवबौद्ध' म्हणून सवलती दिल्या, केंद्राचे दार मात्र 1990 च्या दुरुस्तीपर्यंत बंद राहिले.

या दुरुस्तीचा ठसा आकड्यांत स्वच्छ दिसतो. राज्यात 1981 साली अनुसूचित जाती सुमारे 44.8 लाख, म्हणजे 7.14 टक्के. 1991 साली सुमारे 87.6 लाख, 11.09 टक्के. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! कोणी 'यांची लोकसंख्या वाढतेच आहे' म्हणून हा आकडा तोंडावर फेकला तर सांगा: माणसे तीच होती, कायद्याने मोजायची व्याख्या बदलली.

भीतीचे कारण 1990 मध्ये संपले, सवय मात्र उरली. आणि तिच्या उलट टोकाला दुसरी चूक सुरू झाली. 2011 साली महाराष्ट्रात 65,31,200 बौद्ध होते, पण त्यांतले अनुसूचित जातीत मोजले गेले सुमारे 52 लाखच. उरलेल्या 13 लाखांत इतर समाजांतून आलेले लोकही आहेत, हे खरे. तरी माझ्या मते मोठा भाग अशांचा आहे, ज्यांनी जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' लिहिले. राज्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत हे दोन्ही शब्द नाहीत. यादीत नाव नाही, तर मोजणीतही नाही.

म्हणजे 'हिंदू महार' लिहिणारा बौद्धांतून गळतो आणि 'बौद्ध, बौद्ध' लिहिणारा अनुसूचित जातीतून. शिर्डी लोकसभा आणि श्रीरामपूर विधानसभा हे मतदारसंघ राखीव आहेत. ग्रामपंचायत ते जिल्हा परिषद, राखीव जागांचे प्रमाण अनुसूचित जातींच्या संख्येवर ठरते. अल्पसंख्याक म्हणून मागणी करायची तर धर्माचा आकडा लागतो. त्यात 1 ऑगस्ट 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने उपवर्गीकरणाचा मार्ग मोकळा केला आहे. उद्या जातनिहाय वाटणीची चर्चा याच तक्त्यांवर होईल.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे आणि यावेळी सगळ्यांचीच जात नोंदवली जाणार आहे. "जात सोडली, मग ती पुन्हा का लिहायची?" हा काही तरुणांचा प्रश्न मला हलका वाटत नाही. बाबीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला तो शब्द टोचणारच. पण त्या रकान्यात तुमची श्रद्धा विचारलेली नाही, कायद्यातला तुमचा दर्जा विचारला आहे. श्रद्धेचा रकाना वेगळा आहे, तिथे 'बौद्ध' ठामपणे लिहा आणि जातीच्या रकान्यात यादीतलेच नाव द्या. 1990 पासून दोन्ही एकत्र चालतात.

कार्यकर्त्यांनी आत्तापासून एक काम करावे. आपल्या तालुक्याचे दोन आकडे काढावेत, अनुसूचित जाती आणि बौद्ध, आणि ते वस्तीच्या बैठकीत समोर ठेवावेत. गावपातळीवर अनुसूचित जातींची संख्या मिळते. धर्माची आकडेवारी मात्र गावनिहाय मिळत नाही, तालुका आणि शहरापर्यंतच मिळते. तेव्हा 'आमच्या गावात बौद्ध इतके' असा जनगणनेचा दाखला कोणी दिला तर तक्ता दाखवा म्हणावे. म्हातारी माणसे दाखल्याची काळजी करतील. त्यांना सांगावे की 1948 च्या जनगणना कायद्यानुसार ही माहिती गोपनीय असते, पुरावा म्हणून ती वापरता येत नाही. प्रगणकासमोर 'बौद्ध' म्हटल्याने नातवाचे जात प्रमाणपत्र अडत नाही.